उगवलेलं आणि विणलेलं

केसांच्या सॉफ्टवेअरला केस म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याला एक पृष्ठभाग द्यायचा, त्यावर कुठे दाट आणि कुठे विरळ ते सांगायचं, की ते तिथून रेषा उगवायला लागतं. प्रत्येक रेषेला एक मूळ, एक टोक, थोडी लांबी, थोडा ताठरपणा. त्या रेषांचा पुढे वाघ होतो, राजकन्या होते की गवताचा माळ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी मुंबईत ग्रूम आर्टिस्ट म्हणून काम करते, म्हणजे पडद्यावरच्या प्राण्यांचे आणि माणसांचे केस उगवते, विंचरते, कापते. या धंद्यातली खरी गंमत सॉफ्टवेअरच्या त्या अज्ञानात आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

कामाची रीत अशी. वाघाच्या अंगावर लाखो केस असले तरी आम्ही हाताने विंचरतो ते काहीशे, फार तर काही हजार. त्यांना गाइड म्हणतात. गाइडांच्या मधली जागा सॉफ्टवेअर स्वतः भरून काढतं. मग त्यावर एकेक थर चढतो. क्लंप दिला की केस बटा धरतात, नॉइज दिला की वेडेवाकडे होतात, आणि शेवटी ओळ मोडून एकटेच बाहेर डोकावणारे फ्लायअवे पेरायचे. ते नसले तर उत्तम ग्रूमसुद्धा टोपासारखा दिसतो. ग्रूम पसंत पडला की गाइड सिम्युलेशनला जातात. वारा, वजन, अंगाचा झटका, खांद्याची टक्कर, सगळ्याचा हिशेब प्रत्येक फ्रेमला नव्याने मांडायचा. सेकंदाला २४ फ्रेम, आणि एकेका फ्रेमच्या पोटातही तो हिशेब अनेकदा. 'मॉन्स्टर्स, इंक.' या २००१ सालच्या चित्रपटातल्या सली या राक्षसाच्या अंगावर २३ लाखांहून जास्त केस होते. एवढ्या सगळ्यांचा हिशेब कुणालाच परवडत नाही. म्हणून पुढारी हलतात आणि जनता त्यांच्यामागून हलते.

या विद्येची सुरुवात केसांपासून झाली असं आम्ही सगळेच धरून चालतो. १९८९ साली कॅलटेकमधल्या जेम्स कजिया आणि टिमथी के यांनी संगणक-चित्रणाच्या सिग्राफ परिषदेत एक चित्र दाखवलं आणि संगणकावरच्या लव-केसांची वाट खुली झाली. ते चित्र होतं टेडी बेअरचं. आता टेडी बेअरच्या अंगावर एकही केस उगवलेला नसतो. ते कापड असतं, धाग्यांची लव काढलेलं. म्हणजे आमच्या शास्त्राचा श्रीगणेशा झाला तो कापडाने.

पुढेही केस आणि धागा एकमेकांना सोडत नाहीत. २००३ साली स्टीव्ह मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसावरच्या प्रकाशाचं गणित मांडलं. केस ही एक अर्धपारदर्शक कांडी आहे आणि तिच्यावर तिरपे खवले आहेत, असं त्यांनी धरलं. प्रकाशाचा काही भाग वरच्यावर परततो, काही आरपार निघून जातो, काही आत शिरून, मागच्या बाजूवर आपटून, केसाचा रंग घेऊन परत येतो. म्हणून केसांवर दोन झळाळ्या दिसतात, एक पांढरट आणि एक केसाच्या रंगाची; आणि ऊन मागून आलं की कडेचे केस पेटल्यासारखे दिसतात. आज केसांचं जवळपास प्रत्येक शेडर, म्हणजे प्रकाश पडल्यावर केस कसा दिसेल ते ठरवणारा प्रोग्रॅम, या मांडणीचं ऋणी आहे. याच मार्शनरांचं नाव २००८ साली जोनाथन काल्डोर आणि डग जेम्स यांच्याबरोबर दुसऱ्या एका शोधनिबंधावर दिसतं. त्याचा विषय लोकरीचं विणकाम. कापडाला सपाट चादर न मानता त्यातला एकेक धागा, एकेक टाका वेगळा हलवायचा.

आता स्टुडिओंनी काय केलं ते पाहा. 'ब्रेव्ह' या २०१२ सालच्या चित्रपटातली मेरिडा कुरळ्या केसांची. कुरळा केस खऱ्या नियमांनी वागवायला गेलं तर पेच पडतो. वळण टिकवायचं तर केस ताठर हवा, आणि ताठर केला तर बट तारेसारखी कडक होऊन डुलायचं विसरते. पिक्सारच्या मंडळींनी प्रत्येक कुरळ्या केसाच्या आतून एक गुळगुळीत मध्यरेषा काढली आणि लांबण्याचे नियम वेगळे, वाकण्याचे वेगळे ठेवले. निसर्गात अशी सोय नाही. 'टँगल्ड'मधल्या रॅपन्झेलचे केस ७० फूट लांब. खऱ्या वजनाने धरले असते तर बिचारीला मान वळवता आली नसती. त्या कामात केली वॉर्ड नावाची तंत्रज्ञ होती, जिने पीएचडीच केसांच्या सिम्युलेशनवर केली होती. भौतिकशास्त्र कुठे पाळायचं हे जिला पक्कं माहीत आहे, तिलाच ते कुठे मोडायचं हेही कळतं. त्या चित्रपटात केस हेच दोर होतात, झोका होतात, चाबूक होतात. गोष्टीतल्या या कल्पना सिम्युलेशनच्या टेबलावर येऊन शेवटी लांबी, वजन आणि घर्षण या आकड्यांत उतरतात.

डिस्नेच्या मंडळींनी एक्सजेन नावाचं साधन २००३ साली मांडलं तेव्हा ते फक्त केसांचं म्हणून मांडलंच नव्हतं. पृष्ठभागावर काहीही उगवायचं साधन अशी त्याची ओळख करून दिली होती. माया या सॉफ्टवेअरच्या २०१५ या आवृत्तीत ते सगळ्यांच्या हाती आलं आणि आमच्यासारख्यांनी त्यातून नको नको ते उगवून पाहिलं. शेवाळ, गालिचा, मखमल, पिसं, सुरवंट, भिंतीवरची बुरशी. गवत तर हमखास. पण गवतही जसंच्या तसं मिळत नाही. केसाचा छेद गोल, गवताचं पातं चपटं. केस मुळापासूनच लोंबायला बघतो, पातं मुळाशी ताठ आणि शेंड्याला झुकतं. शिवाय वाऱ्यात गवताचं पातं हललं की नाही हे कुणी बघत नाही. डोळा बघतो ती माळावरून पळत गेलेली लाट. तेव्हा सिम्युलेशन बंद ठेवावं आणि वाऱ्याचा एक नकाशा माळावरून सरकवावा. काम निम्म्याहून कमी आणि परिणाम जास्त खरा.

कुंचल्याचा प्रयोग मला विशेष आवडतो. कुंचल्याचे केस सिम्युलेट करायचे, कागदाला टक्कर द्यायची आणि प्रत्येक केसाचं टोक जिथे टेकेल तिथे रंगाचा ठिपका सोडायचा. क्लंप वाढवला की कुंचला ओला, कमी केला की कोरडा. अक्षराच्या शेवटी हात उचलताना जी फाटलेली रेघ उमटते, ती कुठलाही तयार ब्रश इतक्या इमानाने देत नाही. दुसरा प्रयोग नाचाचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाने मोशन कॅप्चरचा मोठा संग्रह मोफत खुला ठेवला आहे. त्यातली एखादी हालचाल घ्यावी, शरीर अदृश्य करावं, आणि मनगटं, खांदे, टाचा यांतून लांब केस सोडावेत. गुरुत्व शून्य, ताठरपणा जवळजवळ शून्य, हवेचा अडथळा भरपूर. मग केस लोंबत नाहीत, जिथून हात गेला ती वाट धरून राहतात. माणूस दिसत नाही, पण त्याने गिरकी कुठे घेतली आणि श्वासाला कुठे थांबला ते दिसतं.

हे सगळं जमतं, कारण या प्रत्येक गोष्टीला मूळ आहे. गवत जमिनीतून, कुंचला दांड्यातून, नाचाच्या रेषा मनगटातून. मूळ नसलेली गोष्ट आली की साधन अडतं. मला हे कळलं ते घोंगडीमुळे.

एका लघुपटाच्या शीर्षकासाठी घोंगडी हवी होती, आणि कॅमेरा तिच्यावरून इतक्या जवळून सरकणार होता की धागा न धागा मोजता यावा. दख्खनी मेंढीची लोकर, खड्डामागावरचं साधं विणकाम, उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ. रंग मेंढीचा असेल तोच. उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून घालणं हुडिनी या सॉफ्टवेअरमध्ये फारसं अवघड नाही. एका धाग्यात पीळ घातलेले तंतूही रचता येतात. एवढं केल्यावर पडद्यावर जे दिसतं ते नीटनेटकं, सभ्य आणि कुठल्याही दुकानातलं असतं.

कोल्हापूरकडच्या एका सणगर विणकरांकडे मी मुद्दाम जाऊन बसले होते. मांडीवर घेतलेली घोंगडी हाताला बोचत होती. विचारलं, "मामा, हे एवढं टोचतं कसं काय?"

"टोचणारच की. टोचत न्हाई ते घोंगडं कसलं? मऊ पायजे आसंल तर बाजारातनं ब्लँकेट घ्यावं, ताई."

टोचणं दाखवायचं कसं, हा प्रश्न मी तिथून घेऊन आले. त्याचं उत्तर तंतूच्या जाडीत आहे. वस्त्रशास्त्र सांगतं की साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक कातडीला लागलं की ते वाकून माघार घेत नाही, रुतून राहतं. बारीक तंतू वाकतो, म्हणून तो मऊ लागतो. आणि वाकण्याचा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तंतू दुप्पट जाड झाला की सोळा पट ताठर. म्हणजे घोंगडीच्या पृष्ठभागावर तंतूंच्या दोन जाती हव्यात. बारीक तंतू धाग्याला बिलगून आडवे पडलेले, आणि त्यांच्यातून सरळ उभे राहिलेले थोडे जाड, राठ केस. एकच ग्रूम करून त्याची लांबी कमीजास्त करत बसलं तर टोचणं कधीच दिसलं नसतं. दोन ग्रूम केले, दुसरा विरळ आणि जवळजवळ न वाकणारा, आणि पडदा पाहणाऱ्याची मान आपोआप खाजायला लागली.

रंगात आणखी एक गोष्ट होती. काळ्या मेंढीची लोकर टोकाकडे उन्हाने विटते, तांबूस होते. केसांच्या प्रत्येक साधनात मुळापासून टोकापर्यंत रंग बदलायची पट्टी असते, आणि मूळ आत, टोक बाहेर हे त्यात गृहीत असतं. लोकरीत ते चालत नाही. कातरली, पिंजली, कातली की मूळ कुठे आणि टोक कुठे हे मिसळून गेलेलं असतं. धाग्यातून बाहेर डोकावणारा तंतू मुळाकडून बाहेर आला आहे की टोकाकडून, काही नेम नाही. म्हणून निम्म्या तंतूंची पट्टी उलटी लावली. मेंढीच्या अंगावर असताना जे केस होते, ते विणकराच्या हातात जाऊन काय झाले याचा इतका साधा पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही.

हलवताना मात्र काटकसर. एक जाडसर चादर तेवढी सिम्युलेट केली, धागे तिच्याबरोबर हलले आणि तंतू धाग्यांबरोबर. तीन मजले, पण हिशेब तळमजल्यावरच.

एक गोष्ट अजूनही साधनांना जड जाते: गुंतणं. हजारो केसांची एकमेकांशी होणारी टक्कर एकेक करून मोजणं परवडत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी केसांचा पुंजका हे एक घनफळ मानून काम भागवतात. मोकळ्या केसांना ते पुरतं. साधूच्या जटेला पुरत नाही. जटेत केसाचं केसपण संपलेलं असतं. खवले खवल्यांत अडकून डोक्यावरच नमदा तयार होतो. तिथे प्रत्येक जट आधी नळी म्हणून घडवायची, आत केस भरायचे आणि बाहेर सुटे तंतू लावायचे. म्हणजे डोक्यावरची असली तरी ती कापडासारखी करायची. टेडी बेअर कापड असून आम्ही त्याला केस म्हटलं, आणि जटा केस असून तिला कापड म्हणावं लागतं.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांनी या कामाची पहिली धडपड मुंबईच्या मोठ्या स्टुडिओंत केली. 'लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघाचं काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकी कंपनीची मुंबई आणि हैदराबादला केंद्रं होती. २०१३च्या फेब्रुवारीत त्या कामाला ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. या धंद्यात कंपन्या, सॉफ्टवेअर आणि त्यांची बटणं अशीच येतात आणि जातात. तंतू वाकतो कसा, चमकतो कुठे आणि कशात अडकतो, हे ज्याच्या बोटांना कळलं आहे त्याचं काम अडत नाही.

तेव्हा या कामात येऊ पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात केसांचं चांगलं साधन आहे, आणि शिकवणारे व्हिडिओ पोत्याने पडले आहेत. त्यातला दहावा वाघ करू नका. घरात गोधडी असेल, सुतळी असेल, केरसुणी असेल, नारळाची शेंडी असेल. ती हातात घ्या, उजेडासमोर धरा, बोटांनी उलटी फिरवा. ती कुठून उगवली आहे, की उगवलेलीच नाही, हे आधी ठरवा. मगच संगणक सुरू करा.