जरा चालून दाखव!

मराठी घरांत सगळ्यात जास्त वेळा पाहिला गेलेला कुत्रा कुठला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. एचएमव्हीच्या तबकडीवरचा! भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो पांढरा कुत्रा. त्याचं नाव निपर. जन्म १८८४, गाव ब्रिस्टल. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना मागून चावायची सवय, म्हणून हे नाव. १८९५मध्ये तो गेला आणि त्यानंतर फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने त्याला कॅनव्हासवर अजरामर केलं. अंगात टेरिअरचं रक्त नक्की होतं, पण सोबत आणखी काय काय मिसळलं होतं यावर आजही वाद आहेत. म्हणजे जगातला हा सगळ्यात फेमस टेरिअर डॉग शोच्या रिंगमध्ये पाऊलही ठेवू शकला नसता. कागद कुठाय, वंशावळ कुठाय?

आपल्याकडे अशा कागदवाल्या कुत्र्यासाठी शब्द आहे ‘जातिवंत’. आणि बाकीचे सगळे ‘गावठी’. हे दोन शब्द आपण किती सहज वापरतो ना! सोसायटीच्या गेटवर कुणी नवं पिल्लू घेऊन आलं की पहिला प्रश्न, ‘जातिवंत आहे का?’ मीसुद्धा हाच प्रश्न विचारायचे. मग कंपनीने ऑनसाइटला बर्मिंगहॅमला पाठवलं आणि तिथे मार्च महिन्यात एनईसीमध्ये क्रफ्ट्स बघायला गेले. तेव्हापासून हा शब्द तोंडातून जरा अडखळत बाहेर पडतो.

क्रफ्ट्स म्हणजे डॉग शोंचा बाप. चार्ल्स क्रफ्ट नावाच्या गृहस्थाने १८९१मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये आपल्या नावाने तो सुरू केला. १९९१पासून तो बर्मिंगहॅमला भरतो, चार दिवस. मी तिकीट काढलं ते टेरिअर ग्रुपच्या दिवसाचं. कारण अगदी फालतू होतं. टिनटिनचा स्नोई! तो वायर फॉक्स टेरिअर, एवढं मला माहीत होतं आणि असे शंभर स्नोई एका जागी बघायला कुणाला आवडणार नाही?

शंभर स्नोई बघायला मिळाले की नाही ते मोजलं नाही, पण जे बघितलं ते सॉलिड होतं. टेरिअर शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘टेरा’ आहे, म्हणजे जमीन. जमिनीखालच्या बिळात घुसून कोल्ह्याला, बिज्जूला हुसकावणं, उंदीर-घुशी मारणं हे यांचं पिढीजात काम. रिंगमध्ये त्यांना टेबलावर उभं करतात. जज आधी लांबून बघतो, मग जवळ येतो. ओठ वर करून दात बघतो. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे नीट बसले पाहिजेत. मग कान, मान, खांदे, बरगड्या, मांड्या. नर असेल तर आणखीही एक तपासणी होते, ती तुम्ही समजून घ्या. पार्सन रसेल जातीत तर जज दोन्ही हातांच्या ओंजळीत कुत्र्याची छाती धरून मापतो. पुढच्या पायांच्या मागे दोन्ही पंजे असे लावायचे की छाती त्यात मावली पाहिजे. नाही मावली तर हा पठ्ठ्या बिळात अडकणार! मग खाली उतरवून चालायला लावतात. सरळ जा, सरळ ये, त्रिकोणात फिर, पुन्हा एक चक्कर.

आणि इथेच मला आजी आठवली.

आजीला बघायला आले होते तेव्हा तिला माजघरातून ओसरीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं. पाय अधू नाही ना, याची खात्री. केस सोडून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव, हेही झालं. हे सगळं ती हसत हसत सांगायची, पण सांगायची मात्र दर दिवाळीला. आता जमाना बदलला. माझ्या वेळी फक्त बायोडाटा होता. उंची, वर्ण, गोत्र, रक्तगट, पॅकेज. रिंगच्या कडेला उभी राहून मी त्या टेबलावरच्या गुमान उभ्या प्राण्याकडे बघत होते आणि पोटात काहीतरी ढवळत होतं. बघणं मात्र थांबवता येत नव्हतं.

क्रफ्ट्सची एक मस्त पद्धत आहे. रिंगमधला नंबर झाला की कुत्रे आपापल्या बाकांवर येऊन बसतात आणि तुम्ही जाऊन त्यांच्याशी, त्यांच्या माणसांशी गप्पा मारू शकता. एका साठीच्या बाई आपल्या वायर फॉक्स टेरिअरचे केस बोटांनी उपटत बसल्या होत्या. मी दचकले. त्या म्हणाल्या, ‘‘मेलेले केस आहेत गं, त्याला दुखत नाही.’’ या जातीचे वरचे केस राठ, तारेसारखे. ते मशिनने भादरले तर पुढे मऊ पडतात, रंगही फिका होतो. म्हणून चिमटीत धरून काढायचे, शोच्या आधी आठवडेच्या आठवडे. आपण पार्लरमध्ये दोन तास बसलो तरी वैतागतो!

मी त्यांना विचारलं, कुणीतरी परकं माणूस येऊन दोन-तीन मिनिटांत निकाल लावतं याचा राग नाही येत? त्या म्हणाल्या, ‘‘जज कुत्र्याला पास-नापास करत नाही, मला करतो. पुढचं जोडपं कसं निवडायचं, कुठे चुकतंय, ते मला कळतं.’’

हे ऐकून माझ्यातली कॉर्पोरेट बाई जागी झाली. मार्च महिना म्हणजे आपल्याकडे अप्रेझल सीझन! टीममध्ये दहाच्या दहा जण चांगले असले तरी बेल कर्व्हच्या शेपटाला कुणीतरी टांगायचंच. डॉग शोमध्ये निदान कागदावर तरी तसं नाही. प्रत्येक जातीचं एक लिखित स्टँडर्ड असतं आणि कुत्र्याला शेजारच्या कुत्र्याशी ताडून बघण्याआधी त्या स्टँडर्डशी ताडायचं. ब्रिटनमध्ये चॅम्पियन व्हायला तीन चॅलेंज सर्टिफिकेट्स लागतात, तीही तीन वेगवेगळ्या जजेसकडून. म्हणजे एका बॉसची मर्जी पुरत नाही. आणि रिंगमधला एकही कुत्रा त्या लायकीचा वाटला नाही, तर जज ते सर्टिफिकेट राखून ठेवू शकतो. शिवाय निकालावर लेखी अभिप्राय द्यायचा असतो. मला तर हे आमच्या एचआरला फॉरवर्ड करावंसं वाटलं.

अर्थात स्मार्टनेसला इथेही मार्क आहेतच. अमेरिकेत जज कधी कधी दोन-तीन टेरिअर समोरासमोर आणायला सांगतो. भांडू द्यायचं नाही, फक्त नजरेला नजर. की लगेच माना ताठ, कान टवकारलेले, शेपट्या वर! जो डगमगत नाही तो खरा टेरिअर. हा तोरा तिथे जाम चालतो. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये २०१९ साली वायर फॉक्स टेरिअरने पंधराव्यांदा ‘बेस्ट इन शो’ पटकावलं. इतर कुठलीही जात त्याच्या आसपास नाही. त्याच शोमध्ये वॉरेन रेमेडी नावाच्या स्मूथ फॉक्स टेरिअर मादीने १९०७, १९०८ आणि १९०९ अशी हॅटट्रिक केली होती.

पण खरी गोम पुढे आहे. स्टँडर्डमधली एकेक ओळ कामासाठी लिहिलेली. छाती अरुंद का, तर बिळासाठी. केस राठ का, तर काट्याकुट्यांसाठी. पार्सन रसेलची कापलेली शेपटी केवढी असावी, तर हातात नीट पकड येईल एवढी, म्हणजे बिळातून बाहेर ओढता येतं. आता कुत्र्यांकरवी कोल्ह्यांच्या शिकारीवर इंग्लंडमध्ये २००५पासून बंदी आहे. शेपटी कापण्यावर २००७पासून. थोडक्यात, नोकरी गेली, जॉब डिस्क्रिप्शन तेवढं राहिलं! बीळ नाही, कोल्हा नाही, पण छातीचं माप अजून घेतलं जातं.

मग स्टँडर्ड कुणासाठी? बघणाऱ्यासाठी? तसं झालं की काय होतं, याचं एक भयंकर उदाहरण टेरिअरांच्याच घराण्यात आहे. इंग्लिश व्हाइट टेरिअर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोसाठी पांढराशुभ्र, देखणा असा हा कुत्रा तयार केला गेला. केनेल क्लबने त्याला मान्यताही दिली. पण तो नाजूक निघाला, त्यात बहिरेपणाची खोड वंशात उतरत गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात संपली. फक्त गोरेपणा बघून स्थळ ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट फ्रेम करून लावावी.

२००८मध्ये बीबीसीने एक डॉक्युमेंटरी दाखवली. नात्यातल्या नात्यात वीण काढून जातिवंत कुत्र्यांची तब्येत कशी बिघडलीय, यावर. एवढा गदारोळ झाला की २००९पासून बीबीसीने क्रफ्ट्स दाखवणंच बंद केलं. २०१२पासून पंधरा जातींच्या विजेत्यांची डॉक्टरी तपासणी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सहा विजेते नापास झाले, बुलडॉग आणि पेकिनीजसकट! त्या पंधरात टेरिअर ग्रुपमधली एकही जात नव्हती. बिळाच्या मापाने आजवर त्यांना वाचवलं, असं मला वाटतं. काम गेलं तरी कामाची आठवण लिहून ठेवलेली बरी असते, ती अशी.

पण कधी कधी ती आठवणही उलटते. २०१५मध्ये क्रफ्ट्सचा सर्वोच्च मान एका स्कॉटिश टेरिअरला मिळाला आणि हँडलरने तिला स्टँडवरून उचललं ते शेपटी आणि गळ्याला धरून. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. लाखाहून जास्त लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या. टेरिअर असेच उचलतात, ही जुनीच रीत आहे, असं काही जाणकारांचं म्हणणं पडलं. बिळातून जीव वाचवायला शेपटी धरणं मी समजू शकते. पण झगमगत्या स्टँडवर कुठलं आलंय बीळ?

याच भीतीपोटी जॅक रसेलवाले वर्षानुवर्षं भांडले. आमच्या कुत्र्याला मान्यता नकोच, तो शोमध्ये गेला की कामातून जाईल, असं कामकरी कुत्रे पाळणाऱ्या अनेकांचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे ज्यांच्यावरून नाव पडलं ते पाद्री जॉन रसेल १८७३मध्ये स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या पहिल्या सभासदांपैकी! ब्रिटनमध्ये पार्सन रसेलला १९९०मध्ये मान्यता मिळाली, जॅक रसेलला थेट २०१६मध्ये.

पुण्यात परत आल्यावर एका मैत्रिणीने विचारलं, ‘‘ए, मी जॅक रसेल घेऊ का? छोटा असतो, वन बीएचकेत मावेल.’’ मी म्हटलं, मावेल गं, पण राहील का? जो प्राणी दिवसभर जमीन उकरायला घडवलाय तो तुझ्या सोफ्याला बीळ समजेल आणि तू रात्री साडेनऊला ऑफिसातून येणार. वंशावळीच्या कागदावर आजोबा-पणजोबांची नावं असतात. तू ब्रीडरला त्यांची तब्येत विचार. त्याची आई दाखवा म्हण. डोळ्यांच्या, कानांच्या तपासण्या झाल्यात का, विचार. आणि हे काम त्याला तुझ्या घरात मिळणार आहे का, हे स्वतःला विचार. एवढं विचारलंस तर ‘जातिवंत आहे का’ हे विचारायची वेळच येणार नाही.

तिने अजून काही ठरवलेलं नाही. सध्या रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या एका गावठी पिल्लाला पोळी घालते. ते तिला बघून शेपटी हलवत पळत येतं. चाल जरा तिरकी आहे त्याची. तिला अजून ते खटकलेलं नाही.