भोईमामांचं देणं

आमच्या जिंतूर तालुक्यातल्या कोरडवाहू रानात ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून तळं झालं, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि रोहू, कटला, मृगळ माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. ही बोटुकली आज विकत मिळतात ती मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधरींच्या पुण्याईने. त्यांनी १९५७ साली पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अशा माशांचं प्रजनन साधलं; त्याआधी बीज मुख्यतः नदीतून गोळा करावं लागे. पण बीज वाढवावं कसं, हे मला शिकवलं येलदरीच्या एका म्हाताऱ्या भोईमामांनी.

मामांची हयात पूर्णेवरच्या येलदरी धरणात जाळं टाकण्यात गेली. तळ्यावर आले तेव्हा खाद्याच्या गोणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला. तळवा लख्ख दिसत होता.

“पाणीच उपाशी हाय बाबा. आधी त्याला घाल, मंग माशाला.”

कागदाच्या तळ्याला मातीचा तळ नसतो, त्यामुळे माशांचं नैसर्गिक खाद्य आपसूक तयार होत नाही. शेणाची स्लरी थोडी थोडी सोडत गेलो. पाणी हिरवट झालं, कोपराशी तळवा दिसेनासा झाला, तेव्हा कुठे मामांनी पेंड भिजवायला सांगितली. शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा निम्मे-निम्मे, रात्रभर भिजवून त्याचे गोळे. ते भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगायचे. दोन-तीन तासांनी पोतं वर ओढायचं. तळाशी गोळा उरला असेल तर उद्याचा घास कमी.

मी माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के खाद्याचा हिशेब विचारला. तो त्यांनी नाकारला नाही. महिन्याला जाळं टाकून मासे तोलायचे, शंभर किलोला रोज दोन-तीन किलो धरायचे, हे त्यांनाही मान्य होतं. पण पोत्यातल्या उरलेल्या गोळ्यावर त्यांचा विश्वास जास्त. मला वाटतं, बरोबर तेच होते. पेंड महाग, तळाशी कुजली की ती प्राणवायूही खाते.

झड लागली की मामा निरोप धाडायचे, खाद्य बंद ठेव. ऊन नसलं की हिरवं पाणी प्राणवायू पुरेसा तयार करत नाही आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. अशा एका पहाटे ते स्वतः आले, पंप लावून पाणी वरून सोडायला लावलं आणि मासे खाली जाईपर्यंत बांधावरून हलले नाहीत. माझा पहिला हंगाम त्यांच्यामुळे हाती लागला.

पैसे द्यायला गेलो तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. जाळ्यातला एक मृगळ तेवढा उचलला आणि विचारलं, “पुढच्या बीजासाठी तळं कधी सुकवतोस?”