पुढून तिसरी रांग

नाटक जवळून पाहिलं तरच ते पाहिलं, असं मी फार वर्षं मानत आले. त्यातही संगीत नाटक. पहिली रांग नको, कारण तिथे मान वर करून बसावं लागतं आणि बहुतेक वेळा ती आमंत्रितांसाठी राखलेलीच असते. पण दुसरी किंवा तिसरी रांग, त्यातल्या मधल्या खुर्च्या, ही खरी जाणकाराची जागा. तिथून मागे मागे जावं तशी माणसाची आवड कमी होत जाते आणि बाल्कनीत ती संपते, असं काहीतरी माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हे मी कुणापाशी बोलले नाही. पण मध्यंतरात बाल्कनीचा जिना उतरून येणाऱ्या माणसांकडे मी कोणत्या नजरेने पाहायची, ते मला माहीत आहे.

ही समजूत आली कुठून, याचं उत्तर सोपं आहे, तरी ते लिहिताना आजही जड जातं. माझं सगळं लहानपण बाल्कनीत गेलं. आई घरी ब्लाउज शिवायची. तिला नाट्यसंगीताचं विलक्षण वेड. रेडिओवर पद लागलं की मशीनवरचा तिचा पाय आपोआप थांबायचा. लग्नसराई संपून हातात चार पैसे आले की ती मला घेऊन नाटकाला जायची. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, गावात जे लागेल ते. तिकीट कायम बाल्कनीचं. मी कठड्यावर हनुवटी टेकवून खाली कोण कोण बसलंय ते बघत राहायची. एकदा माझ्या वर्गातली एक मुलगी आईवडिलांबरोबर पुढच्या खुर्च्यांत दिसली, तेव्हा मी झटकन कठड्याआड वाकले. तिने वर पाहू नये म्हणून. त्या संध्याकाळी आई शेजारी बसून कशी ऐकत होती, हे मला अजिबात आठवत नाही. आठवतो तो फक्त कठडा आणि ती मुलगी. हे मला टोचतं.

नोकरी लागल्यावर मी ठरवून टाकलं, आईला आता वर बसवायचं नाही. ‘मानापमान’चा प्रयोग लागला होता. तिकीट खिडकीवर प्लॅन उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले आणि तिसऱ्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या घेतल्या. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. नांदी झाली, पदांमागून पदं झाली. मी नाटकापेक्षा आईकडेच जास्त बघत होते. तिला इतक्या जवळून सगळं दिसतंय याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मला वाचायचा होता. तो काही नीट वाचता येईना. ती मधूनच डोळे मिटायची आणि कपाळाला आठी घालायची, गर्दीत कुणाचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करावा तशी.

मध्यंतरात विचारलं, “कसं वाटतंय?”

“छान गं. पण इथे ऑर्गनच फार होतो. वर सगळं मिसळून येतं.”

मी गप्प बसले, पण आतून चिडले. मनात आलेलं वाक्य मला लख्ख आठवतं: हिला सवयच नाही. जन्मभर मागे बसलेल्या माणसाला पुढे आणून बसवलं तरी त्याला तिथलं काही उमगायचं नाही. ज्या बाईचा पाय एका तानेसाठी मशीनवर थांबायचा, तिच्या कानाबद्दल मी हे मनात आणलं. कारण एवढंच की तिच्या तिकिटाची किंमत मला ठाऊक होती. आज मागे वळून पाहताना कबूल करावंच लागतं की त्या दिवशी मी आईला नाटक दाखवायला नेलं नव्हतं, माझा पगार दाखवायला नेलं होतं.

आणि नाटक कोणतं, तर ‘मानापमान’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९११ साली रंगभूमीवर आणलेलं. त्यातली भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारते, आणि पुढे वनमाला होऊन गरिबीच्या वेषात त्याच्याजवळ गेल्यावर तिला माणसाची खरी किंमत कळते. एवढं सगळं माझ्यापासून काही फुटांवर घडत होतं. मी टाळ्या वाजवल्या आणि घरी आले.

त्यानंतर आई माझ्याबरोबर नाटकांना येत राहिली. दर वेळी पुढे. ऑर्गनचं तिने पुन्हा कधी काढलं नाही, आणि तिला आता गोडी लागली असा मी अर्थ घेतला.

या समजुतीला तडा गेला तो संगीत नाटकाच्या नेहमीच्या प्रयोगाला नाही, ‘घाशीराम कोतवाल’ला. विजय तेंडुलकरांचं, १९७२ सालचं नाटक. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, हा त्याचा मूळ संच. कीर्तन, अभंग, लावणी अशा अनेक चाली या नाटकाने अंगाखांद्यावर खेळवल्या आहेत. मी पाहिला तो पुढच्या काळातल्या एका नव्या संचाचा प्रयोग. पहिल्यांदा पाहिला तो अर्थातच दुसऱ्या रांगेतून. माझं मत असं झालं होतं की अभिनय जोरकस आहे, पण जिचं एवढं कौतुक ऐकलं ती ब्राह्मणांची भिंत म्हणजे ओळीने उभी केलेली माणसं, बाकी काही नाही. समोर पाठी, घामाने ओले झालेले सदरे, आणि माझ्या पुढ्यात उभ्या असलेल्या गड्याचा खणखणीत आवाज. बाकीचे काय गातात ते त्याच्या आवाजाखाली दबून गेलं होतं.

पुढे त्याच संचाचा प्रयोग पुन्हा लागला. एका मैत्रिणीला तो पाहायचाच होता, आणि शिल्लक होत्या त्या फक्त बाल्कनीतल्या पहिल्या ओळीच्या खुर्च्या. मी नाखुशीने गेले. कठड्याजवळच्या खुर्चीत बसले तेव्हा अंगात जुना संकोच जागा झाला, तोही सांगून टाकते. खाली ओळखीचं कुणी दिसतंय का, ते मी पाहून घेतलं.

मग भिंत उभी राहिली आणि ती डुलायला लागली. वरून पाहताना मला पहिल्यांदाच कळलं की ती बारा माणसं नाहीतच. ते एकच अंग आहे. ते एका श्वासात डावीकडे झुकतं, उजवीकडे झुकतं, मधोमध फाटतं, त्यातून एखादं माणूस बाहेर टाकतं आणि पुन्हा सांधलं जातं. ओळ वाकून अर्धवर्तुळ होतं, अर्धवर्तुळाच्या दोन फळ्या होतात, त्या एकमेकींतून आरपार जातात. भिंतीमागे जे लपवायचं ते लपवलं जातंय, आणि लपवणारे देवाचं नाव घेत गाताहेत, ही त्या नाटकातली भयंकर गोष्ट मला दुसऱ्या रांगेत कळलीच नव्हती. तिथे माझ्या डोळ्यांसमोर ती पाठ होती, भिंत नव्हती. रंगमंचाची जमीनच पुढच्या रांगांतून दिसत नाही. पावलं कुठे पडतात, कुणाच्या पावलाशी कुणाचं पाऊल जुळतं, दोन माणसांत किती अंतर ठेवलंय, नृत्यरचनेचा सगळा अर्थ त्या जमिनीवर लिहिलेला असतो. आणि मी इतकी वर्षं तो न वाचता येणारी जागा जास्त पैसे मोजून घेत होते.

पण खरा तडा डोळ्यांनी नाही, कानांनी गेला. समूह गायला लागला आणि कुणा एकाचाही आवाज वेगळा निघेना. सगळे मिळून एकच जाड, भरीव स्वर वर येत होता, त्याच्या पोटात मृदंग आणि टाळ. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता आईचे शब्द तिच्याच आवाजात मनात उमटले. वर सगळं मिसळून येतं.

मग मला पुढचं नाटक नीट पाहता आलं नाही. मैत्रीण शेजारी तल्लीन झाली होती आणि मी हिशेब करत बसले होते. तिसऱ्या रांगेत आईला मी किती वर्षं बसवलं? कपाळाची ती आठी मी किती वेळा पाहिली आणि तिला रसग्रहण समजले?

नंतर मी हे समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्यात गूढ काहीच नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पायाशी, प्रेक्षकांच्या तोंडासमोर असतात. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला ऑर्गन पाच-सहा पावलांवर आणि गाणारा त्याच्या दुपटीने लांब. साथ गाण्याच्या वर चढणारच. बाल्कनीत मात्र ऑर्गन, तबला आणि गळा तिघंही जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात, म्हणून तोल साधतो. शिवाय स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही कडांना असले, तर त्यांचं तोंड सभागृहाकडे असतं. अगदी पुढे, मधोमध बसणाऱ्याच्या वाट्याला त्यांचा नीट आवाज येतच नाही. गाणारा समोर आणि गाणं बाजूने, अशी काहीतरी ओढाताण त्याच्या कानात चालते. आईला यातलं एक अक्षरही ठाऊक नव्हतं. तिने कानाला लागलं ते सांगितलं. मला मात्र आकडे हाती आल्यावरच पटलं, हेही मला फारसं भूषणावह वाटत नाही.

याच ‘मानापमान’चा एक प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, तो ‘संयुक्त मानापमान’. त्या काळी गळा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये ध्वनिक्षेपक नव्हता. आवाज शेवटच्या माणसापर्यंत न्यायचा ही गाणाऱ्याचीच जबाबदारी होती. त्या प्रयोगाच्या वर्णनांत मी आधी कायम पुढच्या रांगांतली बडी मंडळी शोधायची. आता वाचताना लक्ष मागे जातं. ज्यांच्यापर्यंत पोचायचं म्हणून तो स्वर फेकला जात होता, ती माणसं मागेच बसलेली होती.

याचा अर्थ जवळची जागा वाईट, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर एक हट्ट सोडून दुसरा धरल्यासारखं होईल. ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या खाँसाहेबांचा अहंकार आणि त्याला पडणारी भेग डोळ्यांतून दिसायला हवी. बाल्कनीतून ती दिसत नाही. दोन माणसांचं हळू बोलणं असलेलं नाटक मी आजही पुढूनच पाहीन. पण ज्या नाटकात समूह आहे, नाच आहे, साथ आणि गळा यांचं नातं आहे, तिथे ते नातं जुळून येतं ती जागा शोधावी लागते. तिकिटाच्या दरावरून ती कळत नाही. मी मात्र दराचा तक्ताच नाटकाचं पुस्तक असल्यासारखा वाचला.

शेवटी आईला सांगितलं. फार जुळवाजुळव करून सांगितलं, कारण माफी मागायची तर कशाची ते स्पष्ट असायला हवं होतं. ती मटार सोलत होती. म्हणाली, “अगं, तू एवढ्या हौसेने न्यायचीस. त्यात ऑर्गनचं काय घेऊन बसायचं?”

“पण तुला गाणं नीट ऐकू येत नव्हतं ना?”

“येत होतं की. थोडं शोधावं लागायचं.”

या उत्तराने मला मोकळं केलं नाही. तिने माझ्या हौसेखातर गाणं शोधत ऐकलं. जे तिला अगदी स्वस्तात, हक्काने मिळत होतं, ते मी महाग करून तिच्यापासून लांब नेलं होतं.

आता बाल्कनी आम्हाला मिळत नाही. तिकीट असतं, पण जिना आईला चढवत नाही. गुडघे गेलेत. नाट्यगृहांचे ते जिने उंच, वळणदार, आणि अंधारात उतरताना तर तिचा हात धरूनही भीती वाटते. त्यामुळे खालीच तिच्या कानाला मानवेल अशी जागा शोधणं आलं. अगदी मागे गेलं तर डोक्यावर बाल्कनीचं छत येतं. त्याच्याखाली आवाज कोंडतो, नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो. म्हणून छत जिथे सुरू होतं त्याच्या दोन-तीन रांगा पुढे, मधल्या वाटेला लागून, म्हणजे तिला पाय लांब करता येतो. फोनवरच्या नकाशात सगळ्या खुर्च्या सारखे चौकोन दिसतात, छत कुठे सुरू होतं ते त्यात कळत नाही. म्हणून मी आधी नाट्यगृहात जाऊन डोअरकीपरला विनवून आत डोकावते, मान वर करून छताची कड बघते आणि रांगेचं अक्षर लिहून आणते.

येत्या रविवारी ‘सौभद्र’ आहे. मी आठव्या-नवव्या रांगेचं धरून चालले होते. आईचं म्हणणं, अजून दोन रांगा मागे घे, तिथे तंबोरा जास्त भरून येईल. मला तिथे छत जवळ येतं असं वाटतं. तिकिटं तिच्या रांगेची काढली आहेत.