शॉकअप काढून साधा चिमटा

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. अकोल्याला घरी जाताना मीही त्याच रस्त्यानं जातो, पण एसटीत बसून. माझी सायकल धावते ती रोज बडनेऱ्याहून राजकमल चौकापर्यंत. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या रस्त्याला लाटा आणते.

माझ्या एमटीबीला पुढं 100 मिमीचा स्वस्त शॉकअप होता. दोन पावसाळ्यांत तो आखडला. ब्रेक मारला की दबायचा, पण बारीक हादरे थेट मनगटात. ऑफिसात पोचेपर्यंत बोटं बधिर. ज्याचं पोट कीबोर्डवर चालतं, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. चांगल्या एअर शॉकअपची किंमत जवळपास सायकलीएवढी. म्हणून ठरवलं, साधा लोखंडी चिमटा लावायचा.

मिस्त्री हसले. “लोकं तं साधा काढून शॉकअप लावतात भाऊ, तुमचं उलटंच हाय!”

पण कुठलाही चिमटा चालत नाही. चाकाच्या आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची लांबी मोजावी लागते. माझ्या शॉकअपची भरली 495 मिमी. बसल्यावर तो वीसपंचवीस मिमी दबायचा, म्हणून 470 चा चिमटा घेतला. त्याहून 20 मिमी आखूड घेतला असता तर पुढचा कोन साधारण एका अंशानं उभा झाला असता आणि ट्रकशेजारून जाताना हँडल चंचल वाटलं असतं. डिस्क ब्रेकची जागा आणि वरच्या नळीची जाडीही जुळायला हवी.

मग हादरे कोण खाणार? टायर. 1888 साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हापासून सायकलीचा पहिला शॉकअप हवाच आहे. मी पुढं 2.25 इंची टायर टाकला आणि हवा 50 वरून 35 पीएसआयवर आणली. सायकल दीडेक किलोनं हलकी झाली, बोटांना मुंग्या येणं थांबलं.

मोठा खड्डा मात्र हा चिमटा माफ करत नाही. सीटवरून उठावं लागतं, रात्री चांगला लाइट लागतो. चिखलदऱ्याच्या दगडी पायवाटा तुडवायच्या असतील तर शॉकअप ठेवा. रोजचं ऑफिस गाठायचं असेल, तर आधी टायरमधली हवा मोजा.