केनी गेला तेव्हा

केनी रॉजर्स गेला २० मार्च २०२० रोजी रात्री. आपल्याकडे तोवर शनिवारची सकाळ उजाडली होती आणि रविवारी जनता कर्फ्यू. लोक तांदूळ-कडधान्यासाठी धावत होते. अमेरिकेतला ८१ वर्षांचा एक गायक वारला, याचं कुणाला काय! मला मात्र दिवसभर काही सुचेना. बायकोनं विचारलं, "तुमचा कोण लागत होता तो?"

प्रश्न रास्तच होता. मी मराठी शाळेत शिकलेला. घरात अभंग आणि नाट्यगीतं. इंग्रजी गाणं आमच्याकडे आलं ते कुंपणापलीकडून. शेजारचे अंकल तारवटी. सुट्टीवर आले की संध्याकाळी बलकांवात टू-इन-वन मांडायचे. आधी जिम रीव्हज, मग केनी. शब्द मला कळायचे नाहीत. अंकल कॅसेट थांबवून कोकणीत गोष्ट सांगायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

गोष्ट असायचीच. कंट्री संगीताची खरी गंमत तीच. 'द गॅम्बलर' (१९७८) घ्या. रात्रीची आगगाडी, दोन थकलेले प्रवासी. म्हातारा जुगारी घोटभर व्हिस्की आणि एका सिगारेटच्या बदल्यात दुसऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि झोपेतच मरून जातो. आपल्या सप्ताहातला बुवा आख्यान लावतो, तसंच हे. केनीच्या गळ्यात ताना-मुरक्या नव्हत्या. घोगरा, जरा फाटका आवाज. पण पुढं काय झालं ते ऐकावंसं वाटायचं! डॉन श्लिट्झनं हे गाणं लिहिलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीला कॉम्प्युटर ऑपरेटर होता. आम्हा कारकून मंडळींना असलं काही वाचलं की उगीचच बरं वाटतं.

'लुसिल' (१९७७) मला जास्त आवडतं. नवऱ्याला सोडून आलेली बाई बारमध्ये बसली आहे, तिच्याशी एकजण सलगी करतोय. तेवढ्यात नवरा येतो. धिप्पाड माणूस. आता मारामारी होणार असं वाटतं, पण तो नुसता रडवेला होतो. घरी चार पोरं उपाशी, शेतात पीक उभं, आणि तू आत्ताच गेलीस? पुढं त्या तिऱ्हाईताला त्या बाईला हात लावणं जमत नाही. केनीच्या आईचं नावही लुसिलच. ह्यूस्टनच्या गरीब वस्तीतलं आठ भावंडांचं घर. बाप सुतारकाम करी आणि फिडल वाजवी. उपाशी पोरं त्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. कंट्रीतले सोवळे लोक म्हणत, यानं पॉप करून टाकलं. म्हणोत बापडे.

शनिवारी दुपारी मी भिंतीपाशी जाऊन अंकलना सांगितलं. ते आता थकलेले, घरी एकटे. मुलगाही दर्यावरच, त्याची क्रूझ बोट कुठल्याच बंदरात घेत नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "ताच्या मर्णाक कितले लोक आसतले रे, पुता?"

साथीमुळे घरच्यांपुरताच छोटा विधी ठेवणार आहेत, मी म्हणालो.

"म्हणजे कोण ना," अंकल म्हणाले आणि आत गेले. ते केनीबद्दलच बोलत होते की आणखी कशाबद्दल, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

रविवारी पाच वाजता वाड्यावर थाळ्या वाजू लागल्या. त्या गदारोळात पलीकडून 'द गॅम्बलर' ऐकू आलं, मोठ्या आवाजात. कॅसेटची फीत जुनी, मधेच आवाज ओढल्यासारखा व्हायचा. थाळ्या थांबल्या तरी गाणं चालूच होतं. संपलं की अंकल पुन्हा मागं नेऊन लावत होते.

त्यांचा मुलगा पोचला जूनमध्ये. चौदा दिवस विलगीकरणात काढून मग घरी.