उघड्या माळाचं लेणं

पावसाळा सरत आला की कर्जतच्या माळावर कुसळी पिवळी पडू लागते. एखादा हिवर, एखादी बोर सोडली तर आडोसा म्हणावा असं काही नसतं आणि नजर थेट क्षितिजाला जाऊन टेकते. हिरव्या मुलखातून आलेल्या माणसाला हे सगळं उजाड वाटतं. मला या माळाची ओढ लागली ती काळविटामुळे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली त्याच्यासाठीच राखलं गेलं. त्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यावरही काळवीट डोळे भरून पाहता येतं, कारण लपणं त्याच्या स्वभावातच नाही.

पूर्ण वाढलेला नर उन्हात उभा राहिला की आजूबाजूचं सगळं फिकं पडतं. पाठ आणि मान काळीभोर. पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी, आणि डोक्यावर वळ्यावळ्यांनी पीळ घेत वर गेलेली दोन शिंगं. हा काळा रंग तो जन्मतः घेऊन येत नाही. पाडस आईसारखंच फिकट तपकिरी असतं. नर वाढू लागला की रंग हळूहळू गडद होत जातो, आणि कळपातले तरणे नर पाहिले की रंगावरून त्यांचं वय ताडता येतं. मादी आयुष्यभर तपकिरीच राहते, आणि बहुधा बिनशिंगी. आपण सगळ्यांना सरसकट हरणं म्हणतो, पण चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी फुटतात. काळवीट गाय-शेळीच्या कुळातलं. त्याची शिंगं गळत नाहीत, जन्मभर वाढवायची आणि जन्मभर वागवायची.

दुर्बिणीतून एकाच नराकडे बराच वेळ पाहत राहिलं की त्याची दिनचर्या उलगडते. तो एका वाळल्या काडीपाशी येतो, मान वाकवतो आणि डोळ्याच्या खालची खाच अलगद त्या काडीच्या टोकाला लावतो. या खाचेत एक ग्रंथी असते, तिच्यातला वासाचा स्राव काडीवर राहतो. हालचाल इतकी जपून की टोकदार काडी डोळ्याच्या इतक्या जवळ असूनही तो बिचकत नाही. मग पुढची काडी. मधूनच ठरलेल्या जागी लेंड्या टाकून येतो. त्या ढिगाऱ्यावरूनही दुसऱ्या नराला हद्द कळते. त्याची हद्द वासानं आखलेली असते, आणि ती दररोज नव्यानं आखावी लागते.

एवढं सगळं चालतं ते माद्यांसाठी. मादी जवळ आली की नर नाक वर उचलतो, शिंगं पाठीवर टेकवतो, शेपूट वर वळवतो आणि घशातून घोगरा आवाज काढत तिच्या दिशेनं चालू लागतो. गुजरातमधल्या वेळावदरच्या गवताळ मैदानावर तर विणीच्या हंगामात कितीतरी नर एकमेकांना खेटून छोट्या छोट्या जागा धरून उभे राहतात. तिथे मादीसाठी चांगला चाराही नसतो आणि पाणीही नसतं. ती येते, नरांमधून फिरते, निवड करते आणि निघून जाते. नराला मात्र जागा सोडता येत नाही. चरायला गेला तर दुसरा येऊन उभा राहतो. शिंगाला शिंग भिडतं, आणि थकलेला नर काही दिवसांनी मागे हटून बिनमाद्यांच्या नरकळपात सामील होतो. आपल्याला दिसतो तो त्याचा डौल. त्यामागची उपासमार मला अधिक विचारात पाडते.

धोका दिसला की कळपातलं एखादं जनावर एकदम हवेत उसळतं. पाठोपाठ दुसरं, तिसरं, आणि सगळा कळप उड्या घेत सुटतो. मग उड्या थांबतात आणि धाव सुरू होते, ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जाणारी. लांडग्यापासून जीव वाचवायला एवढा वेग लागतो का, असा प्रश्न पडतो. उत्तर इतिहासात आहे. या माळांवर कधीकाळी चित्ता होता. कोल्हापूरच्या दरबारात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. १९५२ साली आपल्या देशातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. चित्ता गेला, पण त्याच्या पाठलागानं घडवलेले पाय अजून याच माळावर धावतात.

तरीही पळून जाण्याची ही सोय पाडसाला नसते. व्यायल्यावर पहिले दिवस मादी त्याला गवतात निजवून दूर चरते आणि मधून मधून येऊन पाजते. पाडस निपचित पडून राहतं. त्याचं रक्षण करतं ते फक्त भोवतीचं उंच गवत. कुसळी, पवन्या, मारवेल ही नावं चाऱ्याच्या हिशेबात येतात, पण पाडसासाठी तेच घर आहे.

आणि हे घरच आज सर्वात जास्त दुर्लक्षित आहे. सरकारी दप्तरात गवताळ माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणून नोंदला गेला. मग चांगल्या हेतूनं त्यावर झाडं लावली गेली. वेडी बाभूळ तर एकदा आली की गवताला उठू देत नाही. काळविटं तिच्या शेंगा खातात आणि बिया लेंड्यांतून दूर नेतात, म्हणजे स्वतःच्या माळाचा गळा आवळायला नकळत हातभार लावतात. झाडोरा दाटला की लांबवरचं दिसत नाही, आणि डोळे व पाय यांवर जगणारं हे जनावर तिथून निघून जातं. मग ते शाळूत शिरतं. कोवळी पिकं उभ्या उभ्या जातात, तेव्हा शेतकऱ्याचा राग खोटा नसतो. कायद्यानं काळवीट राखायचं आणि त्याचा भार एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यानं सोसायचा, हे न्यायाचं नाही. कठडा नसलेल्या विहिरी हा आणखी एक घात. भरधाव कळपाला जमिनीलगतचं तोंड दिसत नाही.

नान्नजचा माळ १९७९ साली माळढोकासाठी राखला, तिथे आज माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. काळविटं मात्र अजून आहेत. म्हणून माझं मागणं साधं आहे. विहिरींना कठडे बांधा, पिकाची भरपाई वेळेवर द्या, आणि माळावर झाड लावण्याआधी तिथलं गवत ओळखा. धनगराची मेंढरं, लांडगा, चंडोल आणि काळवीट हे सगळे त्या गवताच्या आधारानं पिढ्यान् पिढ्या एकत्र जगले. वनीकरण केलं म्हणजे निसर्गाचं देणं फिटलं, ही समजूत आपण सोडली पाहिजे. माळ हा माळ म्हणूनच पूर्ण आहे, हे ज्या दिवशी आपल्या धोरणात उतरेल, त्या दिवशी काळविटाला वेगळं वाचवण्याची गरज उरणार नाही.