एकगठ्ठा देऊ नका

राहुरी

चि. मनीषा हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

संदीपने त्या व्यापाऱ्याकडून इसार घेतला नसेल तर घेऊ नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं सावकाश वाच. सहा ट्रॅक्टर, त्यांची अवजारं आणि शेडमधलं सगळं लोखंड मिळून एकच आकडा, रोख पैसे, आठ दिवसांत माल उचलणार. ऐकायला सोयीचं आहे. पण असा एकगठ्ठा आकडा मालाची ओळख असलेला माणूस सांगतो आणि ओळख नसलेला ऐकतो. त्याची नजर सहातल्या दोन-तीन यंत्रांवर आहे. उरलेली गॅस कटरने कापून वजनावर जातील, आणि चांगल्यांची किंमत तो तुम्हाला त्या वजनात मिसळून देतोय.

विकूच नका, असं मी म्हणणार नाही. दाजी होते तोवर त्या शेडला मालक होता. दर पंधरवड्याला एकेक इंजिन सुरू व्हायचं, ग्रीस भरलं जायचं, टायरखाली फळ्या सरकवल्या जायच्या. आता तू पुण्यात, संदीप नाशकात, अक्काचे गुडघे तिला शेडपर्यंत जाऊ देत नाहीत. गळक्या पत्र्याखाली उभं राहून गंजण्यापेक्षा ही यंत्रं चालवणाऱ्याच्या हाती गेलेली दाजींना आवडली असती. मात्र ती भंगारात गेलेली त्यांना चालली नसती, हे मी खात्रीने सांगतो.

जुन्या ट्रॅक्टरला तीन वेगवेगळे भाव असतात आणि घोळ तिथेच होतो. पहिला लोखंडाचा. तुमचं फर्ग्युसन साधारण अकराशे किलोचं, तर फोर्डसन मेजर सव्वादोन टनांच्या वर. काट्यावर फोर्डसन दुप्पट भारी. दुसरा भाव शेतकऱ्याचा, ज्याला उद्या त्याच ट्रॅक्टरने पाळी घालायची आहे. त्याला या दोन्हींत रस नाही, तो मॅसी ३५ मागेल, कारण त्याचे सुटे भाग मिळतात. तिसरा भाव हौशी माणसाचा. तो मॉडेल पाहतो, सगळे भाग मूळचे आहेत का पाहतो, कागद पाहतो. त्याची यादी या दोघांच्या यादीशी जुळत नाही. म्हणून सहा यंत्रं आधी तीन भावांत बसवायची. मग बेरीज.

सुरुवात फर्ग्युसनपासून कर. बोनेटच्या मागे, चालकाच्या समोरच्या भागावर एक छोटी धातूची पट्टी आहे. कापडाने पुसून तिचा फोटो काढ, पॉलिशपेपर लावू नकोस. तिच्यावर टीईडी अशी अक्षरं आहेत, मी पूर्वी वाचली आहेत. टीईए म्हणजे पेट्रोलचं, टीईडी म्हणजे रॉकेलसारख्या ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारं, टीईएफ म्हणजे डिझेलचं. हे मॉडेल १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला तयार झालं, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे ‘सत्तर वर्षांचा आहे, म्हणजे दुर्मीळ आहे’ हा संदीपचा हिशेब सोडून द्यायला हवा. इतकी यंत्रं निघाली की नुसत्या वयाला भाव येत नाही. लोक त्याच्यावर जीव टाकतात हे मात्र खरं. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरांवर. आणि नांगर तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची आणि खोली राखायची हॅरी फर्ग्युसनची जी पद्धत या यंत्राने घरोघरी नेली, तिच्यातूनच आजच्या ट्रॅक्टरची मागची जोडणी आली आहे. संदीपच्या मित्राच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरलाही मागे तेच तीन हात आहेत.

आता त्यातली गंमत. पट्टी टीईडी म्हणते, पण बोनेटखाली तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल आहे. अडाणी गिऱ्हाईक म्हणेल, इंजिन बदललेलं आहे, भाव पाडा. जाणकार म्हणेल, हे पी-३ इंजिन फर्ग्युसनमध्ये बसवायचा पूर्ण संच त्या काळी तयार मिळायचा, म्हणजे हा बदलही त्याच काळातला. दोघांचे आकडे फार लांब असतील. म्हणून हे इंजिन कधी आणि कुठे बसवलं ते हसनचाचांना विचारून लिहून घे. तुझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, हा ट्रॅक्टर एका साखर कंपनीच्या मळ्यावरून घेतला. १९६१ चा सीलिंगचा कायदा आला, साखर कंपन्यांच्या मळ्यांच्या जमिनी पुढे शेती महामंडळाकडे गेल्या, त्याच सुमाराची ही गोष्ट. त्या मळ्यावर हसनचाचांचे वडील चालक होते आणि यंत्राबरोबर तेही आबांकडे आले. हे सगळं आज फक्त चाचांच्या डोक्यात आहे. त्यांचं वय बघता ही नोंद पुढे ढकलू नकोस. फोनवर रेकॉर्ड कर, त्यांची परवानगी घेऊन.

शेडच्या मागच्या भिंतीला दोन तासांचा एक नांगर टेकवलेला आहे आणि त्याच्याजवळच्या पेटीत चपटा, लांब पाना आहे. त्या पान्यावर इंचांच्या खुणा आहेत. नांगराची मापं लावायला तोच पाना पट्टी म्हणून वापरायचे. व्यापारी सगळ्यात आधी ही पेटी ‘बारदान’ म्हणून उचलेल. फर्ग्युसनबरोबर त्याचाच नांगर, त्याचाच पाना आणि तेव्हाची माहितीपुस्तिका असेल तर हौशी माणसासाठी तो पूर्ण संच होतो. अवजारं वेगळी विकलीत तर परत जुळायची नाहीत.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. फोर्डसन मेजर निळ्या अंगाचं, नारिंगी चाकांचं. १९५२ नंतरचं डिझेल मॉडेल आहे, इंजिन दणकट, पण एक मडगार्ड आणि डायनमो दोन्ही गेलेत. ते हौशी माणसाला अर्धवट वाटेल, तरी कापायला देऊ नका. दुसऱ्या फोर्डसनवाल्याला त्यातला प्रत्येक भाग लागतो. मॅसी शेतकऱ्याला द्या, चालू करून, शेतात नांगर लावून दाखवून. हौसेचा भाव त्याला येणार नाही, पण कामाचा भाव चांगला येईल. तीन सिलिंडरच्या त्याच घराण्याचे ट्रॅक्टर मद्रासला टाफेने पुढे कित्येक वर्षं काढले, त्यामुळे लायनर-पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत सगळं श्रीरामपूरच्या बाजारात मिळतं.

आयशरकडे मात्र नीट बघ. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबादला ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. स्वतंत्र भारतात जुळवून बाहेर पडलेल्या पहिल्या ट्रॅक्टरांचं हे नाव. तुमचं सुरुवातीच्या वर्षांतलं निघालं तर सहांमध्ये सगळ्यात जास्त बोलण्यासारखं तेच आहे. इंजिन हवेने थंड होतं, पाणी लागत नाही. कोणी पुढे वाकून बघेल आणि ‘याचा रेडिएटरच गायब आहे’ म्हणून भाव पाडायला लागेल, तर त्याला शांतपणे सांग की तो कधी नव्हताच. बी-२७५ हे मुंबईला महिंद्रा आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतलं, १९६५ पासून निघालेलं. जितकं आधीचं तितकं बरं.

उरलं एचएमटी झेटर २५११. पिंजोरच्या कारखान्यात एचएमटीने १९७१ मध्ये ट्रॅक्टर सुरू केले ते याच मॉडेलने, झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरकडून तंत्र घेऊन. संदीपने तुला पंजाबातल्या एचएमटीच्या किमतींचे व्हिडिओ पाठवले असतील. ती हौस ५९११ या मोठ्या मॉडेलची आहे. सिद्धू मूसेवालाने त्या ट्रॅक्टरचा नंबर आपल्या गाण्यांच्या कंपनीला दिला, इतकं त्याचं वेड तिकडे आहे. त्यात केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे नवा मिळणार नाही. पण हा भाव त्या मॉडेलचा आणि त्या मुलखाचा. आपल्या २५११ ला तो लावून स्वप्नं बघू नका.

इंग्लंडच्या लिलावांचंही तसंच. केंब्रिजशायरमध्ये चेफिन्सचे जुन्या यंत्रांचे लिलाव होतात, त्यांचे पौंडांतले आकडे गुणून इथली किंमत निघत नाही. तिथे दुरुस्तीचे भाग, क्लब, मेळावे, सगळं उभं आहे. तिथला माणूस जहाजभाडं भरून आपल्याकडून सर्वसाधारण फर्ग्युसन कशाला नेईल?

पुढचं संदीपला मोठ्याने वाचून दाखव. रंग लावायचा नाही. विकण्याआधी डेंटिंग-पेंटिंग करून चकाकी आणायची त्याची कल्पना मला अक्काकडून कळली. नव्या रंगाखाली वेल्डिंग लपतं, पुटी लपते, आणि जाणकाराला नेमका तोच संशय येतो. फर्ग्युसनचा जुना करडा रंग जिथे शिल्लक आहे तिथे तो सोन्यासारखा सांभाळा. रॉकेलच्या बोळ्याने चिखल आणि ग्रीस काढा, बस्स.

सेल्फ मारून बघायचं नाही. वर्षभर उभ्या यंत्राला असा धक्का दिला तर रिंगा तुटतात किंवा पुशरॉड वाकतो. आधी एअर क्लीनर आणि सायलेन्सरमधली उंदरांची घरटी काढायची. मग गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट नुसता सैल करायचा. आत पाणी शिरलं असेल तर तेलाच्या आधी पाणी ठिबकतं. इंजिन जॅम वाटलं तर नोजल काढून त्या भोकातून थोडं डिझेल आणि तेल सोडायचं, काही दिवस थांबायचं आणि हाताने फिरवून बघायचं. जबरदस्ती नाही. हे मी स्वतः येऊन करीन.

कागदांची पेटी अक्काच्या कपाटात असेल. मॅसी, बी-२७५ आणि झेटरची आरसी बुकं मी पाहिलेली आहेत, जुन्या तीन अक्षरी नंबरांची. झेटर भूविकास बँकेच्या कर्जावर घेतला होता. कर्ज फिटलं, पण बुकावरचा बोजा उतरवला का ते बघ. ती बँक आता चालू नाही, तेव्हा कर्जफेडीचा जुना दाखला सापडला तर जपून ठेव. नाहीतर आरटीओत विचारून दुसरी वाट काढावी लागेल. दाजींच्या नावावरची वाहनं थेट तिसऱ्याला देता येत नाहीत. आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, मग विक्रीला २९ आणि ३०. गावात कोणी म्हणेल की दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार भंगारातच काढणार आहे. ऐकू नका. शेतीचा ट्रॅक्टर पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी नोंदला जातो आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम आला, पण तो दुचाकी आणि प्रवासी मोटारींचा. ट्रॅक्टरला त्यात जागा नाही. ही उणीव मला मनापासून खटकते. ज्या यंत्रांनी या देशाची पड जमीन मोडली, त्यांना सरकारदरबारी वारसा म्हणून ओळखच नाही.

आता पैशांचं. दाजींनी मृत्युपत्र केलेलं नाही आणि तुमची आजीही हयात नाही, म्हणजे कायद्याने अक्का, तू आणि संदीप, तिघांचे हिस्से सारखे. ‘ती लग्न होऊन गेली, तिला ट्रॅक्टर कशाला’ असं भावकीत कोणी बोललं तर गप्प बसू नकोस. प्रत्येक यंत्राचे तीन भाव एका वहीत लिहा. भंगारवाला, जुन्या ट्रॅक्टरचा दलाल आणि हौशी संग्राहक यांच्याकडून वेगवेगळे घ्या, एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका. तिघांपैकी कोणाला एखादं यंत्र ठेवायचं असेल तर त्याने ते ठरलेल्या भावाने आपल्या हिश्शात धरावं. फुकट ठेवायचं नाही आणि रुसून सोडायचंही नाही. अक्काला आधी विचारा. ती बोलणार नाही, पण आयशरचा विषय काढा. त्यावर बसून ती आणि दाजी शिंगणापूरला गेले होते.

फोर्डसनला गिऱ्हाईक नाहीच मिळालं, तर इथल्या राहुरीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी विचारतो. इंजिन उघडून मुलांना शिकवायला त्यासारखं यंत्र नाही. पैसे मिळणार नाहीत, तिघांची संमती असेल तरच.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो. चार जॅक, रॉकेल आणि जुनी धोतरं काढून ठेवायला सांग, आणि हसनचाचांना जेवायला बोलाव. तोवर शेडमधला नटबोल्टसुद्धा कोणाला देऊ नका.

अक्काला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा